सेमी-हॉलो गिटार: मॉडेल एकच, दर्जा वेगळा

मा. संपादक, स.न.वि.वि.

मी नाशिकला इंदिरानगरात राहतो, बारा वर्षं गिटार वाजवतोय. मागच्या वर्षी एक सेमी-हॉलो (अर्धवट पोकळ बॉडीची) इलेक्ट्रिक गिटार ऑनलाइन मागवली, तर दोन फ्रेट (गिटारच्या मानेवरच्या धातूच्या पट्ट्या) वर आलेले, एफ-होलमधून (बॉडीवरच्या f आकाराच्या भोकातून) टॉर्च मारला तर आत गोंदाचे ओघळ, आणि जॅक (केबल लावायची जागा) दुसऱ्याच आठवड्यात सैल होऊन आत पडला. बदलून आली ती तेच मॉडेल, तीच किंमत, पण एकदम मस्त! मग पहिली तपासणीत पास कशी झाली?

सॉलिड बॉडी म्हणजे लाकडाचा ठोकळा, त्यात बरंच खपून जातं. सेमी-हॉलोत तसं नाही. १९५८ ला गिब्सन कंपनीची ईएस-३३५ ही सेमी-हॉलो आली, तिच्यात पोकळ बॉडीच्या मधोमध मेपलचा ब्लॉक असतो आणि पुढची-मागची पाटी पातळ थर चिकटवून केलेली. कुठे चिकटवण कमी पडली की ठराविक नोटला खडखड येते, आणि वायरिंग सगळं एफ-होलमधून आत ओढायचं, त्यामुळे साधा पॉट (आवाज-टोनच्या बटणाखालचा भाग) बदलायचा तरी तासभर जातो. (पूर्ण हॉलोत तो ब्लॉकच नसतो, म्हणून व्हॉल्यूम वाढवला की फीडबॅक (अँपमधून शिट्टीसारखा आवाज) लवकर येतो, तो दोष नव्हे.) त्यात आपल्याकडे एप्रिलच्या कोरड्या हवेत लाकूड आकसतं, फ्रेटची टोकं बोटाला टोचतात, पावसाळ्यात तेच लाकूड फुगतं.

विक्रेत्यांनी पाठवण्याआधी फ्रेट, जॅक तपासून आतले फोटो द्यावेत. लोक वर्षभर पैसे साठवून गिटार घेतात हो.

– एक वाचक, नाशिक