दिवाडीकरांनो, देव बरें करूं!

रविवारी मेटल डिटेक्टर घेऊन आम्ही मित्र गोव्यातल्या दिवाडी बेटावर उतरलो. अनोळखी पोरांना आपल्या शेतात खणू देणाऱ्या भाटकारांचे (जमीनमालकांचे) आभार आधी. सकाळभर बाटल्यांची बुचं नि गंजके खिळेच! मग बांधावरून जाणाऱ्या एका काकींनी थांबून सांगितलं, "हांगा पयलीं खळें आशिल्लें." (इथे पूर्वी खळं होतं.) तिथेच मशीन किणकिणलं. ढेकळात हिरवट पडलेलं, १० सेंताव्हुसचं पोर्तुगीज ब्राँझचं नाणं, साल १९५८. गोव्यातली रुपया-टंगा ही जुनी नाणी मोडीत काढून पोर्तुगिजांनी एस्कुद हे चलन आणलं ते हेच वर्ष. १९६१ ला पोर्तुगीजच गेले. नाणं अर्थातच भाटकारांकडे दिलं. काकी, आणि उन्हात शहाळी काढून देणारे दादा, तुमचे उपकार मोठे. शहाळ्यांचे पैसेही घेतले नाहीत!