फुले रंगावरून नव्हे, घडणीवरून ओळखावीत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गणपती जवळ आले की कासच्या पठारावरील फुलांची छायाचित्रे वर्तमानपत्रांतून आणि व्हॉट्सॲपवरून फिरू लागतात. सोबत नावांची यादी असते आणि ती बहुधा रंगानुसार लावलेली असते: पिवळी, जांभळी, पांढरी. अशी यादी घेऊन पठारावर गेलेल्याची पंचाईत ठरलेली. जांभळ्या रकान्यात तेरडा, सीतेची आसवे, नभाळी, मंजिरी आणि टोपली कारवी शेजारी शेजारी बसतात, पण ही पाच झाडे पाच वेगवेगळ्या कुळांतली आहेत. याउलट पर्यटक ज्याला मिकी माऊस म्हणतात तो पिवळा कवला आणि जांभळ्या फुलांची बरका ही दोन्ही स्मिथिया या एकाच वंशातली (वंश म्हणजे कुळाच्या आतला लहान गट), तरी ती दोन रकान्यांत विभागली जातात.

रंगाचा भरवसा धरू नये. ‘तेरड्याचा रंग तीन दिवस’ ही म्हण आपल्याकडे आहेच. मधुमालतीचे फूल संध्याकाळी उमलताना पांढरे असते, पुढे गुलाबी आणि मग लाल होते. घाणेरीच्या एकाच गुच्छात जुनी आणि नवी फुले दोन रंगांची दिसतात. शिवाय मोबाइलचा कॅमेरा जांभळ्याचा निळा किंवा गुलाबी करून दाखवतो, तो भाग वेगळाच. फुलाच्या अवयवांची संख्या आणि त्यांची जोडणी मात्र एका कुळात सहसा फारशी बदलत नाही. म्हणून ओळख तिथून सुरू करावी.

पहिला प्रश्न मोजणीचा. पाकळ्या तीनच्या हिशेबाने आहेत की चार-पाचच्या? तीन किंवा सहा असतील आणि पानांच्या शिरा समांतर धावत असतील, तर झाड एकदल, म्हणजे एका दलाच्या बीचे. नभाळीत तीन पाकळ्या आणि सहा पुंकेसर (परागकण देणारे तंतू) असतात. पुंकेसरांच्या दांड्यांवर निळसर केसांचा झुपका असतो. दहापट भिंगातून एक केस पाहिला तर पेशींची ओवलेली माळ स्पष्ट दिसते. बांधावरचा केना याच कुळातला, पण त्याच्या दोन निळ्या पाकळ्या मोठ्या आणि तिसरी लहान असते. शिवाय फूल दुमडलेल्या हिरव्या छदातून (फुलाखालच्या पानासारख्या भागातून) बाहेर येते. या कुळातली फुले अर्ध्या दिवसाचीच, दुपारनंतर ती मिटून ओली गोळी होतात. तेव्हा मोजणी सकाळीच उरकावी.

दुसरा प्रश्न सममितीचा. फूल कोणत्याही बाजूने मधोमध कापले तरी दोन सारखे भाग होतात, की एकाच रेषेत कापल्यावर होतात? मोहरी, धोतरा, जास्वंद पहिल्या प्रकारची. तेरडा, मटार, तुळस दुसऱ्या. तेरड्याच्या फुलामागची बारीक शेपटी पाकळीची नसून एका निदलाची (पाकळ्यांबाहेरच्या दलाची) असते. तिच्या टोकाला मध असतो आणि तितकी लांब सोंड असलेल्या कीटकालाच तो मिळतो.

तिसरा प्रश्न पुंकेसरांचा, आणि खरी ओळख इथे पटते. मोहरीच्या सहा पुंकेसरांत चार लांब आणि दोन आखूड असतात. जास्वंद, भेंडी, अंबाडी, कापूस यांत सगळ्या पुंकेसरांची मिळून एक नळी होते आणि स्त्रीकेसर त्या नळीतून वर येतो. दुसरे काही न पाहता एवढ्यावरून कूळ सांगता येते. शेंगवर्गातील पतंगरूप फुलात सर्वांत मोठी पाकळी ध्वज, बाजूच्या दोन पंख आणि खालच्या दोन जुळून झालेली नाव (होडी). नाव टाचणीने हलकेच खाली दाबली की पुंकेसर बाहेर येतात. मटार, तूर, हरभरा यांत दहापैकी नऊ एकत्र आणि एक सुटा. खुळखुळ्यात दहाही एकत्र असतात आणि परागकोश (पुंकेसरांच्या टोकाच्या परागपिशव्या) आळीपाळीने लांब व आखूड असतात. कवला आणि बरका यांत पाच-पाचचे दोन गट. दोघांच्या रंगात जमीन-अस्मानाचा फरक असला तरी आतली मांडणी एकच. दोघांची शेंगही घडी पडून निदलातच लपलेली राहते.

इथे नवशिक्या हमखास फसतो तो गोकर्णाशी. शिकवताना सोपे म्हणून बहुतेक जण गोकर्णच पुढे करतात, पण त्याचे फूल उलटे असते: ध्वज खाली आणि नाव वर. सुरुवात मटारने करावी. कोरेगाव भागातल्या वाघ्या घेवड्याचे फूल मिळाले तर जरूर पाहावे. त्याची नाव सरळ नसते, पीळ देऊन गुंडाळलेली असते, आणि तेवढ्यावरून घेवडा मटारापासून वेगळा काढता येतो.

चौथा प्रश्न अंडाशय, म्हणजे पुढे फळ होणारा भाग, कुठे आहे हा. दुधी किंवा काकडीच्या मादी फुलात पाकळ्यांच्या खाली इवलेसे फळ आधीच दिसते. नर फुलात नुसता देठ असतो. भेंडीत अंडाशय पाकळ्यांच्या वर, फुलाच्या आत. पठारावरच्या हबेनारिया या आमरींत (ऑर्किडमध्ये) अंडाशय पाकळ्यांखाली असतो आणि इतका लांब की पाहणाऱ्याला तो देठच वाटतो. त्याला पडलेला पीळ दिसला की शंका मिटते.

नुसता बाह्य आकार पाहूनही फसगत होते, हे स्पष्ट सांगायला हवे. वरचा ओठ आणि खालचा ओठ अशी दोन ओठांची फुले अनेक कुळांत आहेत, कारण त्या सगळ्यांना कीटक एकाच वाटेने आत शिरायला हवा असतो. सीतेची आसवे, अडुळसा आणि तुळस यांना पहिल्या नजरेत एकत्र ढकलण्याचा मोह होतो. मग आत बघायचे. सीतेच्या आसवांत पुंकेसर दोन, पाठीमागे शेपटी, आणि पाने जवळपास दिसतच नाहीत. मातीतल्या धाग्यांना लागलेल्या बारीक पिशव्या सूक्ष्म जीव पकडतात. अडुळशातही पुंकेसर दोनच, पण शेपटी नसते आणि पाने चांगली मोठी, समोरासमोर. तुळशीत पुंकेसर चार आणि अंडाशयाला चार फाळ. तुळशीची वाळलेली मंजिरी तळहातावर चोळली तर एकेका निदलपुंजातून चारपर्यंत दाणे पडतात. अडुळसा आणि कारवी यांच्या कुळात असे दाणे नसतात. तिथे दोन झडपांचे बोंड तडकते आणि बिया आतल्या आकड्यांवर बसलेल्या असतात. पठारावरची जांभळी मंजिरी तुळशीच्या कुळातली असली तरी तिची पाने समोरासमोर नसून खोडाभोवती चक्राकार येतात. एकाच खुणेवर निकाल देऊ नये, ते यासाठीच.

सोनकीचे तर ‘फूल’ हेच मुळात एक फूल नाही. झेंडू, सूर्यफूल, करडई, सोनकी यांत अनेक लहान फुले एका बैठकीवर दाटीने बसतात आणि खाली हिरव्या छदांचे कडे असते. झेंडूची एक ‘पाकळी’ उपटून बुडाशी पाहा, तिथे बारीक लांबट अंडाशय चिकटलेला दिसेल. ‘पाकळ्या किती’ हा प्रश्न इथे लागूच पडत नाही. पठारावरचे गेंदही असेच गोल डोके मिरवतात, पण ते एकदल, त्यांची पाने गवतासारखी. बोगनवेलीतही रंगीत दिसतात ती तीन छदे. खरे फूल आतली फिकट नळी. सांगलीकडच्या शेतात हळद फुलते तेव्हा कणसाच्या शेंड्याची पांढरी-गुलाबी छदे लांबून दिसतात, फुले मात्र पिवळी आणि खालच्या छदांच्या कुशीत. कासचा चवर याच कुळातला, म्हणून हळद नीट पाहिलेल्याला तो ओळखायला वेळ लागत नाही.

सरावासाठी फूल एकेरी, गावठी घ्यावे. दुहेरी जास्वंदीत पुंकेसरांच्याच पाकळ्या झालेल्या असतात आणि मोजणी चुकते. हा सराव परसात, भाजीच्या वाफ्यात, शेताच्या बांधावर करावा. पठारावर फूल तोडू नये आणि आखलेली वाट सोडू नये. जांभ्यावर मातीचा थर अगदी पातळ असतो, पाय पडला की तो दबतो आणि पुढच्या वर्षी उगवणारे बीही त्यातच दबते.

छायाचित्र काढायचे तर एक पुरत नाही. समोरून, बाजूने, निदल दिसतील असे खालून, आणि पान खोडाला जिथे जोडले आहे तिथले, अशी चार हवीत. वाटेच्या कडेच्या झाडाची ती न तोडता मिळतात. एका चित्रात मापासाठी शेजारी पट्टी धरावी. ॲपला फक्त समोरून काढलेले चित्र दिले तर ते रंग आणि बाह्यरूपावरच नाव सुचवते. ते नाव मान्य करण्यापूर्वी त्या कुळाची पुंकेसरसंख्या आणि अंडाशयाची जागा आपल्या फुलाशी ताडून पाहावी. जुळली नाही तर ते नाव सोडून द्यावे.

आपल्या दैनिकाला एक विनंती. यंदा कासच्या फुलांची पाने छापताना रंगांचे रकाने बाजूला ठेवून कुळानुसार मांडणी करावी आणि प्रत्येक फुलाच्या समोरच्या चित्राबरोबर बाजूचे चित्र व पान द्यावे. जागा कमी पडत असेल तर वीस फुलांऐवजी आठच द्या. तेरडा, कवला, सोनकी, नभाळी, सीतेची आसवे, कारवी, चवर आणि कंदीलपुष्प एवढी आठ जरी घडणीसह छापली, तरी शाळांतील मुलांना ते कात्रण पठारावर वापरता येईल.

आपला विश्वासू,
एक वनस्पतिशास्त्र अध्यापक, सातारा