साध्या मंगळवारचा आवाज

एडिसन, न्यू जर्सी

प्रिय अविनाश,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र पोचले. आकाशवाणीवर बाळ पंडितांचे मराठी धावते वर्णन कानाला लावून आपण वाढलो, तसा कोणी तुमच्या बेसबॉलमध्ये आहे का, असे तू विचारले आहेस. आहेत, आणि एकापेक्षा एक आहेत. पण त्यांच्याविषयी माझी मते ठाम असल्यामुळे उत्तर थोडे लांबणार आहे.

आधी समालोचकाला कोणत्या मापाने मोजायचे ते सांगतो, कारण इथल्या बहुतेक रसिकांशी माझा मतभेद तिथूनच सुरू होतो. लोक समालोचकाला त्याच्या एखाद्या गाजलेल्या क्षणावरून ओळखतात. 1951 साली बॉबी थॉमसनच्या होम रनने, म्हणजे चेंडू थेट प्रेक्षकांत धाडणाऱ्या फटक्याने, न्यूयॉर्क जायंट्स जिंकले तेव्हा रस हॉजेस एकच वाक्य पुन्हा पुन्हा ओरडला, आणि आज सत्तर वर्षांनंतरही तेवढ्यावर त्याचे नाव टिकून आहे. मला हे माप अपुरे वाटते. बेसबॉलचा एक संघ सहा महिन्यांत 162 सामने खेळतो, म्हणजे जवळजवळ रोज संध्याकाळी तोच आवाज घरात येतो, आणि त्यांतले बहुतेक सामने कोणाच्याही लक्षात राहणार नसतात. म्हणून माझी कसोटी अशी की, जून महिन्यातला साधा मंगळवार आहे, आपला संघ नऊ डावांपैकी सातव्या इनिंगमध्ये आठ विरुद्ध एक असा मागे आहे, प्रेक्षक उठून घरी निघाले आहेत. अशा वेळी ज्याच्यामुळे रेडिओ बंद करावासा वाटत नाही, तो खरा समालोचक.

या कसोटीवर विन स्कली सर्वांत वर आहे, आणि त्याच्याबद्दल इथे फारसा वाद होत नाही. 1950 साली ब्रुकलिन डॉजर्सबरोबर त्याने सुरुवात केली, 1958 मध्ये संघ लॉस एंजेलिसला गेला तेव्हा तोही गेला, आणि 2016 पर्यंत, म्हणजे 67 हंगाम, तो एकाच संघाचा आवाज राहिला. शेजारी दुसरा समालोचक बसवून गप्पा मारण्याची इथे सर्रास रीत आहे, पण डॉजर्सच्या सामन्यांत स्कली एकटाच बोलत असे, आणि त्यामुळे त्याचे बोलणे सहकाऱ्याशी नसून थेट ऐकणाऱ्याशी असे. लॉस एंजेलिसच्या पहिल्या वर्षांत संघ कोलिझियम नावाच्या अवाढव्य मैदानात खेळायचा. दूर बसलेल्यांना खेळाडू नीट दिसत नसत, म्हणून लोक ट्रान्झिस्टर घेऊन येत आणि समोरचा सामना स्कलीच्या तोंडून ऐकत.

9 सप्टेंबर 1965 रोजी डॉजर्सचा पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, सँडी कूफॅक्स याने परफेक्ट गेम टाकला, म्हणजे समोरच्या 27 पैकी एकाही बॅटरला पहिल्या बेसवर, म्हणजे धाव काढतानाच्या पहिल्या थांब्यावर, पोचू दिले नाही. त्या सामन्याच्या नवव्या इनिंगचे रेडिओवरील वर्णन तू मुद्दाम ऐक. कूफॅक्सने डाव्या हाताचे बोट कपाळावरून फिरवले आणि ते पँटच्या डाव्या पायाला पुसले, एवढी गोष्टसुद्धा स्कली सांगतो. तो तारीख सांगतो, घड्याळात किती वाजले ते मधून मधून सांगतो, आणि शेवटचा बॅटर हार्वी कुएन बाद झाल्यावर आधी लोकांचा जल्लोष ऐकू देतो आणि मगच नऊ वाजून सेहेचाळीस मिनिटे झाल्याची नोंद करतो. हा प्रसंग मोठा होता हे खरे, पण घाम पुसणाऱ्या बोटाकडे ज्याचे लक्ष जाते, त्याला ती सवय शेकडो बिनमहत्त्वाच्या सामन्यांतून लागलेली असते. 1988 च्या वर्ल्ड सिरीजमधल्या, म्हणजे हंगामअखेरच्या विजेतेपदाच्या मालिकेतल्या, पहिल्या सामन्यात पायांनी अधू झालेल्या डॉजर्सच्या कर्क गिब्सनने पिचर एकरस्लीच्या चेंडूवर विजयी होम रन मारला, तेव्हा टीव्हीवर असलेला स्कली चेंडू गेला एवढे सांगून मिनिटभराहून अधिक काळ गप्प राहिला. चित्र समोर असताना शब्दांची गरज नाही हे त्याला कळत होते. आजच्या टीव्हीवरच्या किती जणांना ते कळते, हे मी तुझ्यावरच सोपवतो.

स्कलीला घडवणारा गुरू रेड बार्बर. बार्बर समोर तीन मिनिटांचे वाळूचे घड्याळ ठेवत असे आणि वाळू खाली आली की धावसंख्या सांगत असे, कारण रेडिओ आत्ताच लावलेल्या माणसाला सर्वांत आधी तेच हवे असते. किती साधी गोष्ट आहे! पण गाडीत बसून दहा मिनिटे ऐकल्यावरही कोण पुढे आहे हे समजत नाही, असा अनुभव आजही येतो आणि तेव्हा मला त्या घड्याळाची फार आठवण होते. बार्बरचा प्रामाणिकपणा त्याला महाग पडला. 1966 च्या सप्टेंबरमध्ये यांकी स्टेडियमच्या प्रचंड जागेत अवघे 413 प्रेक्षक होते. रिकाम्या खुर्च्या कॅमेऱ्याने दाखवाव्यात असे त्याने सुचवले, ते कोणी ऐकले नाही, तेव्हा खरी बातमी ही गर्दीचीच आहे असे तो स्वतः बोलून मोकळा झाला. थोड्याच दिवसांत त्याचा करार पुढे चालू राहणार नसल्याचे त्याला कळवण्यात आले. समालोचकाचा पगार संघ देतो की ऐकणारा, हा प्रश्न तेव्हापासून सुटलेला नाही.

पुढे डेट्रॉइटचा आवाज झालेल्या अर्नी हारवेलचे तर 1948 साली एका कॅचरच्या, म्हणजे बॅटरमागे चेंडू झेलणाऱ्या खेळाडूच्या, बदल्यात हस्तांतर झाले होते. समालोचक देऊन खेळाडू घेतल्याचे असे दुसरे उदाहरण मला माहीत नाही. प्रेक्षकांत गेलेला चेंडू कोणी पकडला की तो मिशिगनमधल्या एखाद्या गावाचे नाव घेऊन, तिथल्या गृहस्थाने चेंडू झेलला, असे सांगे. गाव अर्थातच मनाने ठरवलेले असे, पण त्या गावी रेडिओ ऐकत बसलेल्या माणसाला केवढा आनंद होत असेल, याची कल्पना कर.

टीव्हीवर मी सरसकट नाराज आहे असे समजू नकोस. आमच्या न्यूयॉर्क मेट्स संघाचे गॅरी कोहेन, कीथ हर्नांडेझ आणि रॉन डार्लिंग हे त्रिकूट 2006 पासून एकत्र आहे आणि ते सध्याचे सर्वोत्तम आहे, असे मी पक्षपात बाजूला ठेवूनही म्हणेन. कोहेन मेट्सचे मैदान आहे त्याच क्वीन्स भागात त्यांचे सामने बघत वाढलेला, उरलेले दोघे 1986 च्या विजेत्या संघातले. तरीही आपल्या खेळाडूने आळस केला तर ते आळस म्हणतात. हातातून गेलेल्या सामन्यात हर्नांडेझ पहिल्या बेसवर पाय कसा ठेवायचा हे इतक्या तळमळीने समजावतो की निकाल विसरायला होतो. उलट राष्ट्रीय वाहिन्यांवरची मंडळी वर्षातून दोन-चारदा आमच्या संघाकडे येतात आणि आम्हाला एप्रिलपासून पाठ असलेली माहिती पुन्हा सांगतात. शुक्रवारचे काही सामने आता एका स्ट्रीमिंग कंपनीकडे गेले आहेत आणि त्या रात्री आमचे घरचे समालोचक टीव्हीवर नसतात. हे मला मनापासून खटकते. त्या रात्री मी टीव्हीचा आवाज बंद करून रेडिओवर हावी रोझला ऐकतो, जरी चित्र आवाजाच्या बरेच मागे पडत असले तरी.

आकड्यांचेही तसेच. चेंडू बॅटवरून ताशी किती मैल वेगाने आणि किती अंशांनी उडाला, हे यंत्र अचूक सांगते आणि त्याचा उपयोगही आहे. पण चेंडू हवेत असताना क्षेत्ररक्षक कुठे धावतो आहे ते आधी सांगावे, वेग मागाहून सांगावा. शिवाय पैजांचे भाव समालोचनातच मिसळू लागले आहेत, ते तर मला अजिबात सहन होत नाही. 2023 पासून पिचरला घड्याळ लावले आहे. बेसवर कोणी नसेल तर पंधरा सेकंदांत चेंडू टाकावाच लागतो. खेळ त्यामुळे सुधारला हे मी मान्य करतो, पण दोन चेंडूंच्या मधल्या फटीत स्कली जी गोष्ट सुरू करून तीन बॅटरांनंतर पुरी करायचा, तिला आता जागा कमी उरली आहे. तरुण समालोचकांनी गोष्टी सोडू नयेत, लहान कराव्यात.

याहून गंभीर गोष्ट वेगळीच आहे. 2020 मध्ये साथीमुळे समालोचक परगावच्या सामन्यांना जाईनासे झाले आणि पडद्यावर पाहून बोलू लागले. साथ सरली, तरी काही संघांनी खर्च वाचतो म्हणून रेडिओवाल्यांना घरीच ठेवले. 1930 च्या दशकात, पुढे अमेरिकेचे अध्यक्ष झालेले, रोनाल्ड रेगन आयोवातल्या स्टुडिओत बसून तारेने येणाऱ्या त्रोटक संदेशांवरून शिकागो कब्सचे सामने रंगवून सांगत असत, आणि एकदा तार बंद पडली तेव्हा त्यांनी बॅटरला एकामागून एक फाउल, म्हणजे रेषेबाहेर जाणारे फटके, मारत ठेवले. तेव्हा दुसरा इलाजच नव्हता. आज आहे. कॅमेरा दाखवेल तेवढेच ज्याला दिसते, त्याला आउटफिल्डर चार पावले डावीकडे सरकल्याचे किंवा बुलपेनमध्ये, म्हणजे राखीव पिचरांच्या जागेत, नवा पिचर हात मोकळे करत असल्याचे कसे दिसणार? आणि रेडिओ ऐकणाऱ्याला तर डोळे समालोचकाचेच असतात.

हायमे हारिन यांच्याविषयी लिहिल्याशिवाय मला पत्र संपवता येणार नाही. ते 1955 साली एक्वादोरहून आले तेव्हा त्यांना बेसबॉल माहीत नव्हता. लॉस एंजेलिसच्या स्पॅनिश रेडिओ केंद्राला डॉजर्सचे प्रक्षेपण मिळाले, तेव्हा खेळ शिकायला त्यांनी वर्षभराची मुदत घेतली आणि 1959 पासून 2022 पर्यंत स्पॅनिशमध्ये समालोचन केले. 1981 मध्ये मेक्सिकोचा फर्नांडो वालेन्झुएला गाजू लागला, त्या वेळी पत्रकारांसमोर त्याचे दुभाषीही तेच होते. परदेशातून येऊन हा खेळ मोठेपणी शिकलेल्या माझ्यासारख्याला हारिन यांच्याइतके जवळचे दुसरे कोणी वाटत नाही. लाखो कुटुंबांना त्यांनी तो त्यांच्या घरच्या भाषेत दिला, जसे पंडितांनी आपल्याकडे केले.

तुला आता ऐकायचे असेल तर एक सोय आहे. पश्चिम किनाऱ्यावरचे रात्रीचे सामने तिथे साधारण पावणेसात ते सात-दहाच्या सुमारास सुरू होतात, म्हणजे उन्हाळ्यात तुझ्याकडे सकाळचे सव्वासात ते सात-चाळीस. मेजर लीग बेसबॉलच्या (MLB) ॲपवर प्रत्येक संघाचा रेडिओ ऐकता येतो. सॅन फ्रान्सिस्कोचा जॉन मिलर निवड, घरच्या संघाचेच प्रक्षेपण लाव, आणि प्लेऑफचा, म्हणजे हंगामानंतरच्या बाद फेऱ्यांचा, सामना मुळीच धरू नकोस. मधल्या आठवड्यातला कोणताही साधा सामना धर आणि निदान तीन इनिंग तरी सोडू नकोस. नियम अडले तर लगेच कळव, मी सविस्तर लिहीन.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
श्रीकांत