‘माझ्याकडेही होतंय’ म्हणणाऱ्या काकांना

काका,

सप्रेम नमस्कार. नाव लिहायचं नाही असं तुम्ही बजावलं आहे, तेव्हा नुसतं काका. माझ्या कॉम्प्युटरचं दुखणं शोधून दिल्याबद्दल तोंडावर आभार मानायला गेलं की तुम्ही पावसाचा विषय काढता, म्हणून हे पत्र उघड लिहिते आहे. शिवाय तुमचे आभार मानता मानता आणखी काही जणांच्या कानावर दोन शब्द पडले, तर मला हवेच आहेत.

गिरगावात घरातल्या घरात डीटीपी करणाऱ्या बाईचे दिवाळीआधीचे दिवस कसे जातात ते तुम्ही बघितलंत. अंकाची पानं लावायची, संपादक शेवटच्या घटकेला आणखी एक कविता पाठवणार, जाहिरातदार अर्ध्या पानाचं पाव पान करणार. अशा ऐन हंगामात मशीनने असहकार पुकारला. काम करता करता मध्येच ‘लॉक सापडत नाही’ अशी पाटी यायची आणि मराठी टंकांचं सॉफ्टवेअर बंद. मागे डाँगल (सॉफ्टवेअर विकत घेतल्याचा पुरावा म्हणून मशीनला खोचायची छोटी किल्ली, तेच हे लॉक) खोचलेला, त्याचा दिवा लागलेला, आणि पडद्यावर म्हणे लॉकच नाही. टाइप करावं तर मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरं. रीस्टार्ट केलं की सगळं ठीक, मग थोड्या वेळाने पुन्हा तेच.

याची सुरुवात कुठून झाली ते आता ठाऊक आहे. सर्व्हिसिंगला आलेल्या मुलाने पंख्यातली धूळ काढली आणि जाता जाता सिक्युरिटीचं ‘एकदम लेटेस्ट’ सॉफ्टवेअर टाकून गेला. लेटेस्ट म्हणजे बीटा, अजून चाचणीत असलेलं, हे सांगायची त्याला गरज वाटली नाही. ज्या मशीनवर माझं पोट आहे त्या मशीनवर! नंतर फोन केला तर म्हणाला, फुकट टाकून दिलं ना तुम्हाला.

त्या सिक्युरिटी कंपनीच्या हेल्पलाइनवरचे गृहस्थ त्याच्याहून गोड बोलायचे. फायरवॉल, म्हणजे त्यातला नेटवर्कवरची ये-जा अडवणारा पहारेकरी, बंद करून बघा म्हणाले. बंद केली, तरी पाटी आली. “मग मॅडम, तो आमचा प्रॉब्लेम नाही.” तक्रार निकालात. मग सीपीयू टॅक्सीत घालून लॅमिंग्टन रोडला. तिथे मात्र शहाण्या मुलासारखं चालायचं. दुकानदार माझ्यासमोर चालू करायचा, दोन ओळी टाइप करून दाखवायचा आणि म्हणायचा, “चालतंय की!” एकाने फॉरमॅट मारू म्हटलं, दुसऱ्याने डाँगल गेला असं छातीठोक सांगितलं, तिसऱ्याला मदरबोर्डच संशयास्पद वाटला. डाँगल पुन्हा घ्यायचा म्हणजे सॉफ्टवेअरच पुन्हा विकत घेतल्यासारखं, हे त्यांच्या गावीही नव्हतं. आणि प्रत्येकाच्या चेहऱ्यावर तो एक भाव. बाईंना नीट वापरता येत नसेल.

तो भाव सगळ्यात जास्त लागतो, काका. पैसे जातात, वेळ जातो, ते कुठेतरी भरून निघतं. पण आपण सांगतोय ते घडतच नाही असं सगळ्यांनी ठरवलं की माणूस स्वतःवरच शंका घ्यायला लागतो. मी रात्री उठून डाँगल काढून घालून बघायला लागले होते.

तुम्ही प्रेसवाल्यांच्या ओळखीने आलात. मशीनला हातही न लावता खुर्ची ओढून बसलात आणि विचारलंत, बंद पडायच्या आधी तुम्ही काय करत होतात? मी म्हटलं, काही नाही, कुकर लावायला उठले होते. आणि त्याच्या आधी? खाली पार्सल घ्यायला गेले होते. त्याच्या आधी सासूबाईंना डोळ्यांत थेंब घालायला. तुम्ही प्रत्येक वेळी विचारत गेलात, परत आलात तेव्हा स्क्रीन काळी होती का? सगळं एका पाठकोऱ्या प्रूफावर लिहून घेतलंत, घडी करून खिशात टाकलंत आणि चहा घेऊन गेलात. मनात म्हटलं, झालं, हेही त्यातलेच.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन आला. नमस्कार-चमत्कार काही नाही. “ताई, माझ्याकडेही होतंय.”

एवढंच वाक्य. मी स्वयंपाकघरात खाली बसले. तेव्हा दुरुस्ती झाली नव्हती, कारण कळलं नव्हतं, पानं तशीच अडलेली होती. तरीही अर्धं काम झालं असं वाटलं. रात्री घरी जाऊन तुम्ही स्वतःच्या चांगल्या चालणाऱ्या लॅपटॉपवर तेच बीटा, अगदी त्याच आवृत्तीचं, मुद्दाम टाकलं होतंत. माझं गाऱ्हाणं खरं आहे का हे बघायला स्वतःचं मशीन बिघडवून घेतलंत! डाँगल तुमच्याकडे नव्हता, तर डाँगलची चौकशी करणारी जी छोटी सेवा असते तेवढीच बसवलीत, ब्राउझरमध्ये तिचं पान उघडलंत, लॅपटॉप झोपवलात, उठवलात. पान उघडेना. माझा डाँगल तिथे नव्हता, माझा मदरबोर्ड नव्हता, मी तर नव्हतेच. तरी तेच.

नंतर तुम्ही समजावलंत त्यातलं मला कळलं ते असं. टंकांचं सॉफ्टवेअर त्या सेवेशी बोलतं ते नेटवर्कच्याच वाटेने, फक्त बाहेर न जाता. पत्ता १२७.०.०.१, म्हणजे मशीनचा स्वतःचाच, आणि पोर्ट, म्हणजे त्या पत्त्यावरचं दार, १९४७. (आकडा तरी लक्षात राहण्यासारखा.) मशीन झोपेतून उठलं की बीटा फायरवॉलला वाटायचं आपण अनोळखी नेटवर्कवर आलो, आणि त्या भरात ती मशीनचं हे स्वतःशी चाललेलं बोलणंही अडवायची. रीस्टार्टनंतर सगळे नियम ठीक लागायचे. दुकानात मशीन ताजंच चालू केलेलं असायचं, मग तिथे काय दिसणार? आणि हेल्पलाइनने बंद करायला लावली ती नुसती वरची खिडकी होती. विंडोजच्या गाभ्यात उतरलेला तिचा ड्रायव्हर, म्हणजे प्रत्यक्ष अडवाअडवी करणारा भाग, आपलं काम करतच होता.

पुढे काय काढलंत, काय घातलंत, ते सगळं मला सांगता येणार नाही. जुनी पक्की आवृत्ती बसली आणि पाटी यायची थांबली, एवढं माझ्यापुरतं पुष्कळ आहे.

पण एक सांगायला हवं. हे कळल्यावर आमच्या मजल्यावरचे एक जण म्हणाले, काढून टाका हो ती फायरवॉल, घरच्या कॉम्प्युटरला कशाला हवी? तुम्ही त्यांच्यावर जवळजवळ रागावलात. ऑगस्ट २००३ मध्ये ब्लास्टर हा नेटवर्कवरून आपोआप पसरणारा व्हायरस आला तेव्हा ऑफिसातली मशीनं साठ सेकंदांची उलटी मोजणी दाखवत एकामागून एक कशी बंद पडत होती, ते तुम्ही डोळ्यांनी बघितलेलं. कोणी काही उघडायला नको, कुठे क्लिक करायला नको, १३५ नंबरचं पोर्ट मोकळं असलं की पुरे. विंडोजची फायरवॉल आपोआप चालू होऊन यायला लागली ती त्याच्या पुढच्या वर्षी, एक्सपीच्या सर्व्हिस पॅक २ बरोबर. म्हणजे तुमचं भांडण फायरवॉलशी नव्हतंच. कच्चा माल गिऱ्हाइकाला न सांगता त्याच्या गळ्यात घालण्याशी होतं.

आणि हेल्पलाइनचे ते गृहस्थ मला म्हणाले होते, एवढ्या मोठ्या कंपनीचं सॉफ्टवेअर असं करेलच कसं. १९ जुलै २०२४ ला हे कुठे होते कोण जाणे! क्राउडस्ट्राइक या बड्या सिक्युरिटी कंपनीच्या एका सदोष अपडेटने त्या दिवशी जगभरातली सुमारे ८५ लाख विंडोज मशीनं आडवी केली. आपल्याकडे विमानतळावर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. ठिकठिकाणच्या कामगारांनी एकेका मशीनपाशी बसून, सेफ मोडमध्ये जाऊन त्या अपडेटची सदोष फाइल पुसली. आणि ते बीटाही नव्हतं.

मी तुम्हाला विचारलं होतं, एवढा खटाटोप कशाला केलात? तुम्ही म्हणालात, एमटीएनएलमधली सवय. लाइनवर खरखर आहे अशी तक्रार आली की आधी आपण रिसीव्हर कानाला लावायचा, मग बोलायचं. ३१ जानेवारी २०२० ला हजारो सहकाऱ्यांबरोबर तुम्ही व्हीआरएस घेऊन बाहेर पडलात, पण सवय घरी घेऊन आलात. माझे वडील छापखान्यात जुळारी, म्हणजे खिळे जुळवणारे, होते. चूक आहे असं वाचकाचं पत्र आलं की ते आधी अंक काढून, चष्मा लावून ती ओळ वाचायचे. पत्र खोचक असलं तरी. मालक हसायचे त्यांना. चूक नसली तर तसं कार्डावर लिहून कळवायचे, असली तर वाचकाचे आभार मानायचे. असली माणसं कुठल्या कोर्सात तयार होत नाहीत, आणि त्यांना कोणी मानधनही देत नाही. तुम्ही तर टॅक्सीचे पैसेसुद्धा घेतले नाहीत, बसने आलो म्हणालात.

कंपनीला तुम्ही जो अहवाल पाठवलात त्याची प्रत मी ठेवली आहे. माझ्या त्या पाठकोऱ्या कागदावरचा क्रम तुम्ही जसाच्या तसा घातलात, आणि दुसऱ्या पायरीला ‘वापरकर्ती कुकर लावायला जाते, मशीन झोपते’ असं इंग्रजीत लिहिलंत. ते वाचून तिकडच्या इंजिनिअरने काय कल्पना केली असेल देव जाणे, पण त्याचं उत्तर आलं. दोष त्यांनाही सापडला, पुढच्या बिल्डमध्ये, म्हणजे नव्या आवृत्तीत, दुरुस्त करतो म्हणाले. हेल्पलाइनने मात्र अजून चकार शब्द काढलेला नाही.

अंक छापून आला की पहिली प्रत तुमची. फराळाचा डबा घेऊन मीच दादरला येते, काकूंना चकली तिखट चालते का तेवढं कळवा. आणि ते नवीन बिल्ड माझ्या मशीनवर तपासून बघायचंय म्हणत होतात ना? जरूर बघू. पण पानं प्रेसला गेल्यावर!

तुमची,
गिरगावातली डीटीपीवाली