लिलीला जिंकवण्याची घाई नको

मा. संपादक,
स. न.

व्हर्जिनिया वुल्फ यांच्या ‘टू द लाइटहाऊस’ (१९२७) या कादंबरीवरचा आपल्या पुरवणीतला लेख वाचला. नवरा आणि आठ मुलांसाठी झिजणारी मिसेस रॅम्झी ही जुनी बाई, लग्न न करता चित्रं काढणारी लिली ब्रिस्को ही नवी, आणि शेवटी नवीचा विजय, असा त्याचा सूर आहे. तो मला पटला नाही.

जेवणाचा तो लांबलचक प्रसंग पुन्हा वाचावा. ‘बायकांना चित्रं काढता येत नाहीत, लिहिता येत नाही’ म्हणणारा तरुण पाहुणा टॅन्सली टेबलावर अवघडून बसलाय. त्याला सावरून घेणं हे बाईचं काम, हे लिलीला ठाऊक आहे. आज ते केलंच नाही तर काय होईल, हे तिला बघायचंय. पण मिसेस रॅम्झीच्या नजरेतली विनवणी दिसते आणि ती त्याच्याशी गोड बोलते. मनातून चिडूनच. स्वतंत्र बाईलाही हा कर चुकत नाही, हे वुल्फ किती नेमकं दाखवतात!

त्याच टेबलावर मेणबत्त्या लागतात आणि विखुरलेली माणसं घटकाभर एक होतात. ही मिसेस रॅम्झीची करणी. दहा वर्षांनी, ती गेल्यावर, लिलीला उमगतं की निसटता क्षण टिकवण्याची धडपड दोघींचीही होती. एकीची माणसांतून, दुसरीची रंगांतून. तिला लग्नाचा आग्रह करणाऱ्या मिसेस रॅम्झीवर लिली मनातल्या मनात मात करते हे खरं, पण तिच्याच आठवणीने रडतेही. त्यानंतरच चित्र पुरं होतं.

लिहायचं तर ‘घरातल्या देवदूता’ला, म्हणजे स्वतःला विसरून घरासाठी झिजणाऱ्या आदर्श बाईला, मनातून मारावं लागतं, असं वुल्फ १९३१च्या भाषणात म्हणाल्या, याचा लेखात आधार घेतला आहे. पण मिसेस रॅम्झी ज्यांच्यावरून उभी राहिली त्या वुल्फच्या आई, ज्युलिया स्टीफन, १८९५ साली वारल्या तेव्हा व्हर्जिनिया १३ वर्षांची होती. याच आईने १८८९मध्ये स्त्रियांच्या मताधिकाराविरुद्धच्या निवेदनावर सही केली होती. आईची मतं मुलीला मान्य नव्हती, तरी कादंबरीत मिसेस रॅम्झीला तिने कुठेही क्षुद्र केलेलं नाही.

आणखी एक. कादंबरीच्या मधल्या भागात ओस पडलेलं रॅम्झींचं घर झाडूपोछा करून वाचवते म्हातारी मिसेस मॅकनॅब. ती ना गृहिणी म्हणून तिथे येते, ना कलावंत म्हणून. लेखात तिचं नावही नाही.

आपली,
एक नियमित वाचक