ताई, तुम्ही बाईंच्या हातात पेन दिलंत

आदरणीय ताई,

हे पत्र मागच्या वर्षीच लिहायला हवं होतं. राहून गेलं. काल एका शाळेत चौथीतला मुलगा ओळीखाली बोट न ठेवता अख्खी गोष्ट वाचून गेला आणि मला तुमची फार आठवण आली.

आमच्या वाचन कार्यक्रमासाठी तुमच्या आधी दोन सल्लागार येऊन गेले. त्यांनी जाडजूड आराखडे दिले. पण मुलं नेमकी कुठे अडतात हे बघायला दोघांपैकी एकानेही वर्गात पाऊल टाकलं नाही. शिक्षकांचं प्रशिक्षण संपलं की 'कसं वाटलं?' असा कागद फिरायचा आणि त्यावरच सगळं यश ठरायचं. डोनाल्ड कर्कपॅट्रिक या अमेरिकी अभ्यासकाने प्रशिक्षण मोजायच्या चार पायऱ्या १९५९ मध्येच मांडल्या: आवडलं का, शिकले का, कामात उतरलं का, परिणाम दिसला का. आम्ही वर्षभर पहिल्याच पायरीवर उभे होतो आणि कुणी तसं सांगितलंही नाही. मुलांचं एक वर्ष गेलं, याचा राग अजून जात नाही.

तुम्ही मात्र आल्या आल्या मागच्या बाकावर बसलात. बाईंनी दर महिन्याला भरायचा आमचा चार पानी तक्ता मागून घेतलात आणि घड्याळ समोर ठेवून स्वतः भरायला लागलात. पन्नास मिनिटं लागली. बाईंचा वाचनाचा तास तोवर संपलासुद्धा. मला वाटलं, आता बोलणी बसणार. तुम्ही बाईंच्या हातात पेन दिलंत आणि म्हणालात, "शिकवताना ज्याचा उपयोग होतो तेवढं ठेवा, बाकीचं खोडा."

बाई आधी घुटमळल्या, मग खोडत सुटल्या. उरलं अर्धं पान: मुलाचं नाव, आणि तो अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट यांपैकी कुठवर वाचतो.

पुढचं त्यातूनच सुचत गेलं. इयत्तेऐवजी पातळीनुसार गट केले, आधी सहाच शाळांत करून पाहिलं. पण मला आठवतं ते पेनच. वीस वर्षं शिकवणाऱ्या बाईंना त्याआधी कुणी काही विचारलंच नव्हतं. समोरच्याचा वेळ आपल्या वेळेइतकाच मोलाचा मानणारी माणसं भेटतात, म्हणून या कामात टिकून राहावंसं वाटतं.

तो खोडलेला तक्ता बाईंनी कपाटात जपून ठेवलाय. नव्या शाळांचं प्रशिक्षण आता त्याच घेणार आहेत. तुम्ही मागच्या बाकावर येऊन बसावं, अशी त्यांची फार इच्छा आहे. माझीही.

तुमची,
कार्यक्रम समन्वयक