सिन्नरच्या भरडा गिरणीवाल्या मामांचे आभार

मामा, नमस्कार.

गिरणीच्या आवाजात आभार मानले तर तुम्हाला ऐकू जात नाहीत, म्हणून हे जाहीरच लिहिते.

उन्हाळ्यात आमच्या एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन) जातीच्या दुभत्या गायींच्या शेणात मक्याचे पिवळे तुकडे दिसायचे. पोतं उतरवताना मी सहज बोलले, तर मागे रांग असूनही तुम्ही मशीन थांबवून बारीक जाळी चढवलीत. "मका चिवट, बारीकच जाऊ दे," एवढंच म्हणालात.

पुढे जनावरांच्या डॉक्टरांना विचारलं तेव्हा कारण कळलं. वाळलेल्या मक्यात साधारण ७० टक्के स्टार्च असतो, पण त्याचे कण प्रथिनांत घट्ट रुतलेले. कडक, काचेसारख्या दाण्यात तर जास्तच. कोटीपोटातले, म्हणजे गायीच्या चारा आंबवणाऱ्या मोठ्या पोटातले, जिवाणू आत शिरेपर्यंत मोठा तुकडा पुढे सरकतो. लहान आतड्यात थोडाफार पचतो, उरलेला शेणात. बारीक भरड्यावर जिवाणू लगेच बसतात. स्टार्चचं प्रोपिऑनिक आम्ल होतं, त्याचं यकृतात ग्लुकोज आणि त्यातून दुधातली साखर. ही साखर जितकी जास्त, तितकं दूध जास्त.

गव्हाचं उलटं. बारका गहू स्वस्तात मिळाला तेव्हा तो मक्याच्या जाळीतून काढायला तुम्ही साफ नकार दिलात. खरं सांगते, तेव्हा राग आला होता. पण गव्हाचा स्टार्च कोटीपोटात भराभर आंबतो. त्याचं पीठ घातलं की आम्ल साचतं, रवंथ कमी होतो, चारा पचवणारे जिवाणू मंदावतात आणि डेअरीवर फॅट ३.५ च्या खाली येते. तुम्ही तो नुसता फोडून दिलात. थोडाच, तोही वैरणीनंतर घाला म्हणालात. असाच भराभर आंबणारा लग्नातला उरलेला भात घमेलंभर गायीपुढे ओतणाऱ्यांनाही तुम्ही एकदा गाठायला हवं!

मुरघासाचंही, म्हणजे खड्ड्यात हवाबंद मुरवलेल्या हिरव्या मक्याचंही, तुम्हीच सुचवलंत. काही महिने मुरलेल्या मक्यात प्रथिनांची ती पकड सैल होते, दाणा लवकर पचतो. म्हणून जुना खड्डा उघडला की आता आम्ही भरडा थोडा कमी करतो.

पुढच्या आठवड्यात बाजरी आणतेय. दाणा बारका आणि टणक, अख्खा गेला तर तसाच बाहेर पडायचा. जाळी कोणती ते तुम्हीच ठरवा. आणि सुटे नाहीत म्हणून भरडाईचे पैसे सोडू नका, या वेळी मी सुटे घेऊनच येते.

तुमची,
सिन्नर तालुक्यातली एक दूध उत्पादक